दक्षिणेची वही वेगळी, यजमानांची वही वेगळी

आमचे अण्णा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चव्वेचाळीस वर्षं भिक्षुकी करत होते. गुडघे साथ देईनात तेव्हा त्यांना अडुसष्टावं लागलं होतं. शस्त्रक्रियेसाठी थोडं कर्ज हवं होतं, म्हणून बँकेत गेलो. तिथे मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. अण्णांकडे होत्या त्या पंचांगाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी: ‘दानाओळी, वास्तुशांत, १,५०१ व धोतरजोडी.’ कमाई खरी होती, कष्टाची होती, पण कागदावर कुठेच नव्हती. कर्ज मिळालं नाही. आईने पाटल्या मोडल्या.

मी लोकांची रिटर्नं भरून देण्याचं काम करते. त्या दिवसापासून ओळखीतले गुरुजी, पुजारी, कीर्तनकार यांना मी स्वतःहून घरी जाऊन सांगू लागले. या व्यवसायात निवृत्तीची तारीख नसते, निरोप समारंभ नसतो, पेन्शनचा आदेश येत नाही. आवाज बसतो, मांडी घालून तीन तास बसवत नाही, आणि यजमान हळूहळू तरुण गुरुजींकडे वळतात. म्हणून तयारी आधीच करावी लागते. ती कशी करायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: दक्षिणा हे उत्पन्न आहे, हे मनाशी पक्कं करा

‘दक्षिणा म्हणजे दान, दानावर कसला कर?’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस दिलेला आहे. त्रावणकोरचे पी. कृष्ण मेनन सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन वेदान्त शिकवत. कुणाकडे काही मागत नसत. त्यांच्या एका परदेशी शिष्याने त्यांना वेळोवेळी मोठ्या रकमा दिल्या. न्यायालयाने सांगितलं की वेदान्त शिकवणं हा ‘व्यवसाय’च आहे, आणि त्या कामामुळे जे मिळालं ते उत्पन्न आहे. देणाऱ्याने आपखुशीने दिलं आणि घेणाऱ्याला लोभ नव्हता, तरी त्याने फरक पडत नाही.

कीर्तनकाराची बिदागीही यातच येते. तानसेन समारोहाची सुरुवात ज्या शहरात ढोलीबुवांच्या हरिकथेने होते, तिथे हे सांगताना मला संकोच वाटतो, पण कायदा असाच आहे. शिधा, धोतरजोडी, चांदीची वाटी, गाय, यांचीही बाजारभावाने किंमत धरायची असते.

एक खास प्रसंग सांगते. षष्ट्यब्दी किंवा सहस्रचंद्रदर्शनाला यजमान मिळून थैली देतात. स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटी करमुक्त आहेत, जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्याही आहेत. साठीशांतीला मात्र अशी सूट नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रकमा ५०,००० च्या वर गेल्या की सगळीच रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नाही. थैली मोठी असेल तर ती त्या वर्षीच्या हिशेबात घ्या आणि निर्धास्त व्हा.

हे सगळं ऐकून घाबरू नका. आकडे पाहिले की भीती जाते.

आकडे मांडून पाहा

समजा, एका गुरुजींना वर्षभरात ७,२०,००० रुपये मिळाले. प्रवास, पूजेचं सामान, फोन, मदतीला घेतलेल्या ब्रह्मवृंदाची दक्षिणा असा खर्च १,३०,००० झाला. निव्वळ उत्पन्न ५,९०,००० राहिलं. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के. म्हणजे १,९०,००० वर ९,५०० रुपये. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट मिळत असल्याने भरायचा कर शून्य. हेच उत्पन्न जुन्या रचनेत, कोणतीही वजावट न घेता, साठीच्या आतल्या माणसाने दाखवलं तर उपकरासह ३१,७२० रुपये भरावे लागतात.

नवी रचना आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर वेगळा अर्ज भरावा लागतो. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला जुनीत जाऊन पुन्हा नवीत परत येण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळते. आपल्या बहुतेक गुरुजींनी नव्या रचनेतच राहावं असं माझं मत आहे.

मात्र कर शून्य असला तरी रिटर्न भरायचंच आहे, कारण उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेपेक्षा जास्त आहे. आणि ४ लाखांच्या आत असेल तरीही भरा, असं मी म्हणेन. ते रिटर्न म्हणजे तुमच्या कमाईचा दाखला. कर्जाला लागतं, मुलाकडे परदेशी जाताना व्हिसाला लागतं. अण्णांकडे नव्हतं ते हेच.

आणखी दोन गोष्टी. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांना निम्मं उत्पन्न नफा धरून सोपं रिटर्न भरण्याची सोय आहे. त्या यादीत पौरोहित्य नाही. कुणी ‘गुरुजी, पन्नास टक्के दाखवू’ म्हणालं तर ऐकू नका, खरा जमाखर्च ठेवा. आणि जीएसटीची भीती कुणी घातली तर सांगा की धार्मिक विधी करण्याची सेवा जीएसटीतून मुक्त आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून मी इथे क्रमांक मुद्दाम देत नाही.

इंटरनेटवर ‘धर्मगुरूंची निवृत्ती आणि कर’ असं शोधलं तर अमेरिकेतले लेख आधी समोर येतात. तिकडच्या कायद्यात धर्मगुरूंच्या निवासभत्त्याला आयकरातून सूट आहे. ती सवलत तिथली आहे. आपल्या रिटर्नमध्ये तिला जागा नाही.

दक्षिणेची वही

साधी दोनशे पानी वही पुरे. तारीख, विधी, मोहल्ला, मिळालेली रक्कम, रोख की यूपीआय, आणि शेवटी खर्च. रोज रात्री पाच मिनिटं. भिक्षुकीसाठी बँकेत एक वेगळं बचत खातं ठेवा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा करा, म्हणजे घरचे आणि कामाचे पैसे मिसळत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ब्रह्मवृंदाच्या दक्षिणेत. लघुरुद्राला अकरा जण बसले. यजमानांनी मुख्य गुरुजींच्या खात्यात ५१,००० पाठवले. त्यांनी त्यातले ३३,००० इतरांना रोख वाटले. खात्यात दिसतात ५१,०००, वाटल्याचा पुरावा शून्य. उद्या विचारणा झाली तर ती सगळी रक्कम त्यांचीच धरली जाईल. म्हणून प्रत्येकाला यूपीआयने द्या, किंवा वहीत नाव-रक्कम लिहून सही घ्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च म्हणून धरता येत नाही, तेवढं सांभाळा. आणि स्वतः एका यजमानाकडून एका कार्यासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊच नका. दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा अधिक रोख भरली की बँक ती आयकर खात्याला कळवते. वही असेल तर त्याचं उत्तर तयार असतं. एखाद्या कंपनीने उद्घाटनाच्या पूजेची दक्षिणा देताना टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापला असेल, तर तो रिटर्न भरून परत मिळतो. वह्या आणि पावत्या मी सात वर्षं ठेवायला सांगते.

ज्यांना खरोखर कर लागतो त्यांच्यासाठी: वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होत असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो. साठीनंतर यातून सुटका आहे, पण फक्त व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना. सत्तरीतही पूजा सांगणाऱ्या गुरुजींना ती मिळत नाही. हे फार जणांना माहीत नसतं आणि मग व्याज लागतं.

म्हातारपणाचे पैसे कुठे साठवायचे

नोकरदाराचा पगार दरमहा सारखा येतो. आपल्याकडे श्रावण, गणपती, पितृपक्ष, लग्नसराई यांत घर भरतं आणि पौषात शुकशुकाट असतो. त्यामुळे ‘दरमहा इतके भरा’ हा सल्ला गुरुजींना पेलत नाही, दोन हप्ते चुकले की मन खचतं. हंगामाला भरता येईल अशीच साधनं निवडा.

वय चाळिशीच्या आत असेल तर अटल पेन्शन योजना आधी पाहा. १८ ते ४० वयात खातं उघडता येतं आणि साठीनंतर १,००० ते ५,००० रुपये मासिक पेन्शन मिळतं. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर ५,००० च्या पेन्शनसाठी महिन्याला ५७७ रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. तिमाही किंवा सहामाही हप्ताही चालतो, तो आपल्याला सोयीचा. नवरा गेल्यावर तेवढंच पेन्शन बायकोला मिळतं आणि दोघांनंतर जमा रक्कम वारसाला. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला या योजनेत नव्याने प्रवेश नाही. मासिक उत्पन्न १५,००० च्या आत असणाऱ्या तरुण भिक्षुकांसाठी श्रमयोगी मानधन योजनाही आहे. साठीनंतर ३,००० पेन्शन, आणि तुम्ही भराल तेवढीच रक्कम सरकार घालतं.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना मी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सांगते. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं, व्याज ७.१ टक्के आणि त्यावर कर नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही या खात्यावर जप्ती येत नाही. लग्नसराईत जमलेले पैसे ५ एप्रिलच्या आत एकदम भरले तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ६०,००० भरले आणि दर हाच राहिला, तर १५ वर्षांत भरलेल्या ९ लाखांचे सुमारे १६ लाख २७ हजार होतात.

साठीला त्यातले १६ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, की ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३२,८०० रुपये हातात येतात. मर्यादा ३० लाखांची, मुदत ५ वर्षांची, पुढे वाढवता येते. बाड्यावरच्या मोठ्या पोस्टात हे खातं निघतं. पत्नीचं नाव जोडीला घाला. व्याज करपात्र आहे, पण बाकीचं उत्पन्न धरून १२ लाखांच्या आत असाल तर नव्या रचनेत कर लागत नाही. या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, म्हणून पैसे टाकायच्या दिवशी पोस्टातच विचारा.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, हीही चांगली आहे. वर्षाला १,००० भरले तरी खातं चालू राहतं, आणि हवं तेव्हा भरता येतं. जमलेली रक्कम मोठी असेल तर साठीला तिचा काही हिस्सा मासिक पेन्शनसाठी विमा कंपनीकडे ठेवावाच लागतो. ज्यांना हातात एकदम पैसा आला की नातेवाइकांना ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यांना मी हीच सुचवते. अण्णांसाठी हीच घेतली असती.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत मिळतात. आधार घेऊन कार्ड काढून ठेवा. आजारी पडल्यावर धावपळ नको.

मंदिरातलं घर आणि माफीची जमीन

हे ग्वाल्हेरकरांसाठी मुद्दाम लिहिते, कारण इथे माझ्या डोळ्यांसमोर घरं मोडली आहेत. शिंद्यांच्या संस्थानाच्या काळात मंदिरांना माफीच्या, म्हणजे सारा माफ असलेल्या, जमिनी मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या पुजारी ती जमीन कसत आले, मंदिराच्या आवारातच राहिले, आणि ‘हे आपलंच’ असं घरात सगळ्यांनी धरलं. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मंदिराच्या जमिनीचा मालक देव आहे. पुजारी व्यवस्थापक आहे, त्याचं नाव भूमिस्वामी, म्हणजे जमीनमालक, म्हणून खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) नको.

म्हणजे ती जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मुलांमध्ये वाटता येत नाही. निवृत्तीच्या हिशेबात तिची किंमत शून्य धरा. राहतं घर मंदिराचं असेल तर पन्नाशीच्या आत स्वतःचं छप्पर, दोन खोल्यांचं का होईना, हे पहिलं ध्येय ठेवा, पीपीएफ त्यानंतर. आणि माफी-औकाफ कार्यालयात, म्हणजे देवस्थानांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, तुमच्या मंदिराची नोंद नेमकी कशी आहे, ते एकदा नक्कल काढून वाचा. ऐकीव माहितीवर मुलाचं लग्न ठरवू नका.

यजमानांची वही

आता दुसरी वही. आपल्याकडे लोक जे सांगतात ते डॉक्टरलाही सांगत नाहीत. जन्मवेळ, गोत्र, तीन पिढ्यांची नावं, मूल होत नाही म्हणून करायचा विधी, घटस्फोटानंतरची पत्रिका. अण्णा या गोष्टी आईलाही सांगत नसत. आता अनेक गुरुजींनी वेबसाइट काढल्या आहेत, आणि तेच गुपित फॉर्ममधून येऊ लागलं आहे.

आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींच्या साइटवरचा फॉर्म ज्या ऑनलाइन तक्त्यात भरला जाई, तो दुवा असलेल्या कुणालाही उघडा होता. शंभराच्या वर कुटुंबांची नावं, फोन, मुलींच्या जन्मवेळा. साइट बनवणाऱ्याने सांगितलं नव्हतं, गुरुजींनी विचारलं नव्हतं. मला ते दिसलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

फॉर्ममध्ये चारच रकाने ठेवा: नाव, फोन, विधी, तारीख. गोत्र, जन्मवेळ, पूर्ण पत्ता हे फोनवर किंवा समक्ष विचारा. आधार क्रमांक कधीच मागू नका, पूजेला तो लागत नाही. मुंजीच्या मुहूर्तासाठी बटूची माहिती आई-वडिलांकडूनच घ्या. अठराच्या आतल्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घ्यायला, पुढे सांगते त्या नव्या कायद्यात बंदी आहे.

मग साइट बनवणाऱ्याला समोर बसवून विचारा. फॉर्मची माहिती कुठे साठते? ती कोण-कोण उघडू शकतं? येणाऱ्या माणसाचा माग ठेवणारं काही साइटवर लावलं आहे का? पाहुणे मोजणारे आणि जाहिरातींसाठी माग काढणारे तुकडे बहुतेक साइटवर आपोआप चिकटवलेले असतात. तो अहवाल तुम्ही कधी उघडत नसाल तर काढून टाका. श्राद्धविधी शोधायला आलेल्या माणसाला आठवडाभर अस्थिकलशांच्या जाहिराती दिसाव्यात, हे आपल्या दारातून होऊ नये. विधीचे फोटो टाकण्याआधी यजमानांना विचारा. दुःखाच्या घरचे फोटो तर टाकूच नका.

व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. हाताने लिहिलेली कागदी वही या कायद्यात येत नाही, पण तिचं पान फोनमध्ये उतरवलंत की येतं. सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. कायदा सूचना मराठीतही उपलब्ध करून द्यायला सांगतो, म्हणून फॉर्मच्या वर हे एवढं लिहा:

‘आपलं नाव आणि फोन फक्त पूजेची वेळ ठरवण्यासाठी घेत आहोत. ही माहिती दुसऱ्या कुणालाही दिली जाणार नाही. कार्य झाल्यावर ती काढून टाकू. त्याआधी काढायची असेल किंवा काही तक्रार असेल, तर याच क्रमांकावर सांगा.’

आणि लिहिल्याप्रमाणे वागा. पौषात काम कमी असतं, तेव्हा एक दुपार काढून वर्षभरात पुसायचे राहिलेले फॉर्म, व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रिका, फोनमधले फोटो पुसा. तारीख, विधी आणि रक्कम दक्षिणेच्या वहीत असतेच, करासाठी तेवढं पुरतं. गोत्र आणि जन्मवेळ आयकर खात्याला कधीच नको असते. दोन वह्या वेगळ्या ठेवायला मी सांगते ते यासाठी: रिटर्नसाठी माझ्यासारख्या कुणाच्या हातात वही द्याल, तेव्हा यजमानाच्या घरातलं काही त्यासोबत जाऊ नये.

तुमची स्वतःची माहिती

‘साठीला किती पेन्शन मिळेल, मोजा’ असं सांगणाऱ्या एका साइटवर मी अण्णांचा नंबर घातला होता. उत्तर दिसायच्या आधी नंबर मागितला आणि मी दिला. पुढचे तीन महिने त्यांना विमा विकणाऱ्यांचे फोन येत होते, ऐन संध्येच्या वेळीही. हिशेब करायला नंबर लागत नाही. मागितला तर साइट बंद करा. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून आत जाऊ नका. आधारची प्रत द्यायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या, ती आधारच्या साइटवरच मिळते. पैसे गेल्याचं कळलं तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

पुष्कळ गुरुजी बाजारातल्या दुकानात रिटर्न भरून घेतात. त्यात गैर काही नाही, पण दुकानदार घाईत स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतो, आणि आयकर खात्याची नोटीस वर्षानुवर्षं त्याच्याकडे जात राहते. काम झाल्यावर पोर्टलवर तुमचाच नंबर आहे ना ते डोळ्यांनी पाहा, पासवर्ड घरी येऊन बदला, आणि तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफिकेशन करा. ते राहिलं तर भरलेलं रिटर्न वैध धरलं जात नाही. पोचपावतीचे दोन प्रिंट काढा: एक दक्षिणेच्या वहीत, एक घरच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते पत्नीला सांगून ठेवा.